लेअर कोंबड्यांची लिव्हर, हाडं आणि किडनी सांभाळायची असेल तर कुठलं सप्लिमेंट, कधी आणि किती

लेअर म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या फार्मवर सगळ्यात जास्त जीवाला लागते ती चालू बॅचमधली मर. साथ नाही, सर्दी नाही, प्रॉडक्शन नव्वद टक्क्यांच्या वर, आणि सकाळी शेडमध्ये गेलं की एखादा अंगाने भरलेला, वजनदार पक्षी पिंजऱ्यात मेलेला. दुसरीकडे तीसएक आठवड्यांची कोंबडी पायावर उभीच राहत नाही, आडवी पडलेली, डोळे मात्र अगदी टवटवीत. हे जंतूंचे आजार नाहीत. रोज एक अंडं तयार करताना शरीराची जी ओढाताण होते तिचा ताळमेळ सुटला की हे होतं, आणि म्हणूनच यांना मेटाबॉलिक आजार म्हणतात.

अशी मर लागली की बहुतेक जण पहिल्यांदा दुकानात जातात आणि लिव्हर टॉनिक, लिक्विड कॅल्शियम, व्हिटॅमिन, इलेक्ट्रोलाइट असं सगळं एकदम घेऊन येतात. त्यातलं एखादं उपयोगी पडतंही, पण कशाने पडलं ते कळत नाही, आणि एखादं उलटही पडतं. माझं म्हणणं असं की सप्लिमेंट हा शेवटचा टप्पा आहे, त्याच्या आधी कुठला अवयव दमलाय ते बघायचं, पक्ष्याच्या पोटात रोज नक्की काय किती जातंय ते मोजायचं, मग कमी पडतंय तेवढंच भरून द्यायचं. खाली तोच क्रम लिहितोय.

आधी अंड्याचा हिशेब डोक्यात बसवा

एका अंड्याच्या कवचात साधारण सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडी खाल्लेल्या कॅल्शियमपैकी ढोबळमानाने निम्मं किंवा थोडं जास्त शोषून घेते, म्हणजे तिच्या पोटात रोज ४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जायलाच पाहिजे. अंड्यातल्या बलकाची चरबी लिव्हरमध्ये तयार होते आणि तिथून रक्तावाटे अंडाशयात जाते. आणि या सगळ्या कामातून जे टाकाऊ उरतं, युरिक अ‍ॅसिड, ते बाहेर काढायचं काम किडनीचं.

आता हे तिन्ही अवयव एकमेकांना कसे बांधलेले आहेत बघा. खाद्यातलं व्हिटॅमिन डी३ जसंच्या तसं कामाला येत नाही, लिव्हर त्याला अर्धं तयार करते, किडनी पूर्ण तयार करते, आणि मग आतडं कॅल्शियम शोषतं. म्हणून लिव्हर खराब झालेल्या बॅचमध्ये कवच पातळ पडतं, आणि मालक कॅल्शियम वाढवत बसतो. कॅल्शियम वाढवून किडनीवरचा ताण वाढतो, कवच काही सुधारत नाही. हे मी खूप फार्मवर बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण खर्च करूनच नुकसान झालेलं असतं.

पहिली पायरी : मेलेला पक्षी उघडून बघा

एक सूचना सगळ्यात आधी. एकदम मोठ्या संख्येने मर लागली असेल, तुरे निळे-काळे पडले असतील, डोकं सुजलेलं असेल, तर पक्षी अजिबात उघडू नका. लगेच जवळच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, त्यामुळे हा धोका आपल्याला नवा नाही. मर रोज एक-दोन अशी थेंबाथेंबाने असेल तरच खालचं सगळं लागू. तेव्हाही पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, शक्यतो डॉक्टरांकडूनच करून घ्या आणि स्वतः शेजारी उभे राहून बघा.

फॅटी लिव्हरने मेलेला पक्षी चांगला भरलेला असतो, तुरा आणि चेहरा पांढुरका, पोट उघडलं की रक्ताची मोठी गाठ, लिव्हर पिवळट, फुगलेली आणि बोटाने दाबली की चिखलासारखी फुटणारी. पोटात चरबीचा जाड थर. एक लक्षात ठेवा, अंड्यावरच्या कोंबडीची लिव्हर थोडी पिवळसर असतेच, कारण बलकाची चरबी तिथेच बनते. नुसता पिवळा रंग बघून फॅटी लिव्हर ठरवू नका. फुटलेली लिव्हर, रक्त आणि जास्तीची चरबी या तिन्ही गोष्टी बघा.

कॅल्शियम कमी पडून मेलेल्या पक्ष्यात बहुतेक वेळा कवचाच्या पिशवीत अर्धवट कवच आलेलं अंडं सापडतं. मांडीचं हाड हातात घेऊन मोडून बघा, निरोगी हाड कडकन आवाज करून तुटतं, पोकळ झालेलं हाड नुसतं वाकतं किंवा चुरगळतं. छातीचं हाड वाकडं, बरगड्या आत वळलेल्या हेही दिसतं.

गाउट, म्हणजे किडनीतून बाहेर न पडलेलं युरिक अ‍ॅसिड शरीरात साठणं. त्याचा पक्षी तर लगेच ओळखू येतो. हृदयावर, लिव्हरवर, आतड्याच्या पडद्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर, किडनी सुजलेली नाहीतर एका बाजूची वाळून गेलेली.

पाय गेलेल्या तरुण पक्ष्यात मॅरेक्स या विषाणूच्या आजाराची शंका पण मनात ठेवा. एक पाय पुढे आणि एक मागे अशी पडलेली, पाठीकडच्या नसा जाड झालेल्या, तर कॅल्शियम देऊन काही उपयोग नाही. शंका असेल तर नमुने औंध, पुण्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवा, किंवा शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, मुंबई यातलं जवळचं जे पशुवैद्यकीय महाविद्यालय असेल तिथे घेऊन जा.

दुसरी पायरी : खाद्य आणि वजन मोजा

हे काम कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. सलग चार-पाच दिवस शेडमध्ये किती किलो खाद्य टाकलं आणि किती उरलं ते लिहून काढा, जिवंत पक्ष्यांच्या संख्येने भागा. समजा पक्षी रोज ११० ग्रॅम खातोय आणि खाद्यात कॅल्शियम ३.८ टक्के आहे, तर पोटात गेलं ४.१८ ग्रॅम. छान. तेच खाद्य, पण एप्रिलमध्ये उन्हाने पक्षी ९० ग्रॅमवर आला, तर पोटात फक्त ३.४२ ग्रॅम. पिशवीवरचा टक्का तोच, पक्ष्याला मात्र पाऊण ग्रॅम कमी. कवच पातळ होणारच. आता ९० ग्रॅम खाणाऱ्या पक्ष्याला ४.१ ग्रॅम द्यायचं तर खाद्यात साडेचार टक्क्यांच्या थोडं वरच कॅल्शियम लागेल. म्हणून टक्क्यात बोलू नका, दर पक्षी दर दिवशी किती ग्रॅम असंच बोला. मिथिओनिन (खाद्यातलं एक अमिनो अ‍ॅसिड), फॉस्फरस, एनर्जी सगळ्याला हाच नियम.

वजनाचं म्हणाल तर शेडच्या वेगवेगळ्या रांगांमधून, वरच्या-खालच्या दोन्ही टियरमधून, शंभरेक पक्षी दर पंधरा दिवसांनी तोला, आणि प्रत्येक वेळी तेच पिंजरे घ्या. तुमच्या जातीच्या मार्गदर्शिकेत त्या आठवड्याला जे वजन दिलंय त्याच्याशी ताडून बघा. वजन वर जात चाललंय आणि अंडी तेवढीच आहेत किंवा घसरतायत, याचा अर्थ जास्तीची एनर्जी चरबीत जातेय. वजन कमी आणि अंडी जोरात, तर हाडांची काळजी करा.

तिसरी पायरी : कॅल्शियम, आणि ते तलंगांपासून सुरू होतं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच.

पहिलं अंडं यायच्या साधारण दोन आठवडे आधी तलंगेच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीच्या, लांब हाडांच्या पोकळीत एक खास प्रकारचं हाड साठायला लागतं, मेड्युलरी बोन. ही तिची कॅल्शियमची ठेव. रात्री कवच बनताना आतड्यातलं कॅल्शियम संपलं की या ठेवीतून काढलं जातं आणि दिवसा परत भरलं जातं. ही ठेव पहिल्यांदा भरायची संधी त्या दोन आठवड्यांतच, म्हणून तुरे लाल व्हायला लागले, म्हणजे १६-१७ आठवड्यांपासून, प्री-लेअर खाद्य चालू करा ज्यात कॅल्शियम २ ते २.५ टक्के असतं. प्रॉडक्शन दोन ते पाच टक्क्यांवर आलं की लगेच पूर्ण लेअर खाद्यावर या. खर्च वाचवायला काही जण ग्रोअर खाद्यच वीस टक्के प्रॉडक्शनपर्यंत ओढतात. त्यात जे पक्षी आधी अंड्यावर आले त्यांनी स्वतःची हाडं झिजवूनच अंडी घातलेली असतात, आणि तेच पक्षी पुढे प्रॉडक्शन सगळ्यात वर असताना पिंजऱ्यात पडतात. यालाच केज लेअर फटीग म्हणतात.

उलटी चूक पण तेवढीच महागात पडते. दहा-बारा आठवड्यांच्या तलंगांना चुकून लेअरचं खाद्य गेलं, किंवा लवकर अंड्यावर याव्यात म्हणून मुद्दाम दिलं, तर त्यांना न लागणारं कॅल्शियम किडनीतून बाहेर टाकावं लागतं आणि किडनी तेव्हाच बिघडते. त्याचं फळ गाउट म्हणून महिन्यांनी दिसतं. एकाच मिक्सरवर दोन्ही खाद्य बनत असतील तर पोत्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधा.

आता चुनखडीचा खडा की पावडर. अंडं बहुतेक सकाळी पडतं, त्यानंतर अर्ध्या तासात पुढचा बलक सुटतो, चार-पाच तासांनी तो कवचाच्या पिशवीत पोचतो आणि मग जवळजवळ १८ ते २० तास कवच चढत राहतं. म्हणजे कवचाचं मुख्य काम रात्री, दिवे बंद असताना, पक्षी खात नसताना. चुनखडीची पावडर संध्याकाळपर्यंत आतड्यातून निघून जाते. २ ते ४ मिलिमीटरचा खडा मात्र गिझर्डमध्ये, म्हणजे दाणे भरडणाऱ्या पोटात, अडकून राहतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो. म्हणून एकूण चुनखडीपैकी ५० ते ६५ टक्के खडा आणि बाकी पावडर असं ठेवा. पन्नास आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यांना खड्याचा वाटा अजून थोडा वाढवला तरी चालतो.

एका टनाचा हिशेब करून दाखवतो. चांगल्या चुनखडीत ३८ टक्के कॅल्शियम धरा. टनाला १० किलो डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) टाकलं तर त्यातून सव्वादोन किलोच्या आसपास कॅल्शियम आलं, मका-सोयातून थोडंसं येतं, पाऊण-एक किलो समजा. ३.८ टक्क्यांसाठी एकूण ३८ किलो पाहिजे, म्हणजे चुनखडीतून ३५ किलो, म्हणजे साधारण ९२ किलो चुनखडी. त्यातली ५५ किलो शेलग्रिट (शिंपल्याचा खडा) किंवा मार्बल चिप आणि ३७ किलो पावडर. तुमच्या मालाची टेस्ट वेगळी असेल तर आकडे तसे बदला.

ग्रिट घेताना दोन गोष्टी तपासा. थोडं ग्रिट काचेच्या ग्लासात घेऊन त्यावर पातळ अ‍ॅसिड टाका, चुनखडी आणि शिंपला फसफसून विरघळतो, तळाला जी वाळू-माती उरेल ती तुम्ही पैसे देऊन घेतलेली असते. आणि डोलोमाइट तर नाही ना हे विचारा, त्यात मॅग्नेशियम जास्त असतं, विष्ठा पातळ होते आणि कवच आणखी बिघडतं. साधी लॅब टेस्ट कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही सांगते.

वेळ पण सांभाळा. खाद्याचा एक तृतीयांश सकाळी आणि दोन तृतीयांश दुपारनंतर द्या, म्हणजे रात्रीला पोट भरलेलं राहील. दिवसातून एकदा, दुपारच्या आधी, फीडर पूर्ण रिकामा होऊ द्या, नाहीतर पक्षी वरचे दाणे आणि खडे वेचतात आणि ज्या तळाच्या बारीक भुशात व्हिटॅमिन-मिनरल असतात ती तशीच पडून राहते. उन्हाळ्यात किंवा म्हाताऱ्या बॅचला मध्यरात्री एक तास दिवे लावून खाऊ घालणंही चांगलं लागू पडतं, फक्त त्याच्या आधी आणि नंतर किमान तीन-तीन तास सलग अंधार पाहिजे.

कॅल्शियमसोबत फॉस्फरस बघितलाच पाहिजे, कारण हाड दोघांचं मिळून बनतं. उपलब्ध फॉस्फरस ०.३५ ते ०.४५ टक्क्यांच्या मध्ये असावा, तरुण पक्ष्याला वरच्या बाजूला, म्हाताऱ्याला खालच्या. जास्त फॉस्फरसने कवच बिघडतं, म्हणून "डीसीपी जरा जास्तच टाक" हे बरोबर नाही. फायटेज (दाण्यातला फॉस्फरस मोकळा करणारं एन्झाइम) वापरत असाल तर डीसीपी तेवढं कमी करावं लागतं, आणि फायटेजची पिशवी उन्हात पडलेली नसावी.

व्हिटॅमिन डी३ साधारण किलोला २५०० ते ३५०० युनिट पुरतं. लिव्हर कमजोर असलेल्या बॅचमध्ये मी २५-हायड्रॉक्सी डी३ ला पसंती देतो. लिव्हरचं काम आधीच झालेला हा प्रकार आहे, महाग आहे, पण कॅल्शियम पुरेसं असूनही कवच पातळ आणि पीएममध्ये लिव्हर खराब अशी स्थिती असेल तर याचे पैसे वसूल होतात. दोन्ही प्रकार मिळून ओव्हरडोस करू नका, जास्तीचं डी३ किडनीत कॅल्शियम साठवतं.

आणि लिक्विड कॅल्शियम? बाटलीवरचं लेबल वाचून भागाकार करा. समजा १०० मिलीत ३ ग्रॅम कॅल्शियम आहे आणि १०० पक्ष्यांना ५० मिली द्यायचंय. म्हणजे १०० पक्ष्यांत दीड ग्रॅम, एका पक्ष्याला १५ मिलिग्रॅम. गरज ४००० मिलिग्रॅमची. आडव्या पडलेल्या दोन-चार पक्ष्यांना तोंडावाटे द्यायला ठीक आहे, पण पूर्ण शेडच्या पाण्यात ओतून कवच जाड होईल ही अपेक्षा चुकीची.

पडलेला पक्षी लगेच पिंजऱ्यातून काढा. खाली भुसा टाकलेल्या जागेत, खाद्य आणि पाणी चोचीला लागेल असं, बाजूला एका भांड्यात मोकळं ग्रिट. लवकर काढलेले बरेच पक्षी आठवड्याभरात उभे राहतात. पिंजऱ्यातच ठेवला तर तो आजाराने नाही, तहानेने मरतो.

चौथी पायरी : लिव्हर

फॅटी लिव्हरचं मूळ म्हणजे खर्चापेक्षा जास्त एनर्जी. पिंजऱ्यातला पक्षी हालत नाही, त्यात उन्हाळ्यात अंग गरम ठेवायला लागणारी एनर्जी वाचते, आणि खाद्य तेच. ११० ग्रॅम खाणारा पक्षी किलोला २६५० किलोकॅलरीच्या खाद्यातून रोज २९० च्या आसपास कॅलरी घेतो, पांढऱ्या लेअरला तेवढं पुरतं. वजन टार्गेटच्या वर जात असेल तर आधी एनर्जी ५० ते १०० किलोकॅलरीने खाली आणा, अमिनो अ‍ॅसिड आणि मिनरल मात्र तेवढेच ठेवून. खाद्य अचानक तोडू नका, त्याने अंडी पडतात.

दुसरा उपाय ऐकायला उलटा वाटतो पण बरोबर आहे. एनर्जी तेवढीच ठेवून मक्याचा थोडा वाटा काढा आणि एक-दोन टक्के तेल घाला. मक्याच्या पिठाची चरबी करायचं काम लिव्हरलाच करावं लागतं, तेलातून चरबी तयारच मिळते, म्हणून लिव्हरचा भार कमी होतो. तेल ताजं पाहिजे, खवट तेल टाकण्यापेक्षा न टाकलेलं बरं.

आता सप्लिमेंट. लिव्हरमध्ये बनलेली चरबी बाहेर वाहून न्यायला फॉस्फोलिपिड लागतात आणि त्यासाठी कोलीन. ६० टक्क्यांचं कोलीन क्लोराइड टनाला ५०० ग्रॅम ते १ किलो, फॅटी लिव्हर दिसत असेल तर वरच्या बाजूला. सोयापेंडीत कोलीन भरपूर असतं, मक्यात कमी, म्हणून सोया महाग झाल्यावर ज्यांनी सोया कमी करून डीओआरबी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा) किंवा दुसरी पेंड वाढवली त्यांनी कोलीनकडे खास लक्ष द्या. मोहरीची पेंड तर लेअरमध्ये फार वाढवूच नका, तिच्यातल्या घटकांमुळे लिव्हरमध्ये रक्तस्राव होऊ शकतो.

मिथिओनिन पक्ष्याला दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर मिळायला हवं. कोलीन, मिथिओनिन आणि बीटेन ही तिन्ही एकमेकांचं थोडं थोडं काम करतात, पण मिथिओनिन अंड्याच्या प्रोटीनमध्ये लागतंच, त्याला पर्याय नाही. बी१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड या साखळीतच येतात, चांगल्या प्रिमिक्समध्ये (व्हिटॅमिन-मिनरलचं तयार मिश्रण) असतात, तिथे स्वस्तातला माल घेऊ नका.

व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम लिव्हरच्या पेशी फुटण्यापासून वाचवतात, म्हणजे चरबी कमी करत नाहीत पण रक्तस्राव व्हायची शक्यता कमी करतात. ई किलोला ५० ते १०० मिलिग्रॅम. सेलेनियम किलोला ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम, याच्या पुढे जाऊ नका, ते विषारी आहे, आणि प्रिमिक्समध्ये आधीच असेल तर वरून देऊ नका.

लिव्हर खराब व्हायचं आपल्याकडचं दुसरं मोठं कारण म्हणजे अफ्लाटॉक्सिन, मक्यावरच्या बुरशीचं विष. पावसात भिजलेला, नीट न वाळलेला मका. मका घेताना ओलावा मीटरने बघा, साठवायचा असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास हवा. टनाला १ ते २ किलो टॉक्सिन बाइंडर (असं विष पोटात पकडून ठेवणारी पावडर) पावसाळ्यात आणि नव्या मक्याच्या हंगामात ठेवाच. मातीवर आधारलेले बाइंडर अफ्लाटॉक्सिन चांगलं पकडतात, बाकीची विषं तेवढी नाही, म्हणून यीस्टच्या पेशीभित्तिकेचं मिश्रण असलेला बाइंडर जास्त बरा. पण काळी बुरशी दिसणारा मका बाइंडर टाकून चांगला होत नाही. तो बाजूला काढा.

भुईआवळी, कुटकी, माका, सिलिमारिन असलेली लिव्हर टॉनिक पाच-सात दिवस पाण्यातून द्यायला माझी हरकत नाही, टॉक्सिनचा फटका बसल्यावर पक्ष्याची भूक परत यायला मदत होते असा अनुभव आहे. मात्र खराब मका आणि जास्तीची एनर्जी तशीच चालू ठेवून टॉनिक देणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

पाचवी पायरी : किडनी आणि गाउट

इथे देण्यापेक्षा थांबवायच्या गोष्टी जास्त. पाणी आधी बघा, पाणी प्यायचे निपल बंद तर नाहीत, टाकी तापते का, नव्या शेडमध्ये पक्ष्यांना निपल सापडलेत का. पाणी तुटलं की गाउट दिसायला वेळ लागत नाही. मग खाद्यातलं कॅल्शियम वयाला धरून आहे का, प्रोटीन गरजेपेक्षा जास्त आहे का, फिशमीलमध्ये युरियाची भेसळ आहे का हे तपासा. ब्राँकायटिस या विषाणूच्या आजाराचे काही प्रकार थेट किडनीवर जातात, म्हणून लसीकरणाचं रेकॉर्ड डॉक्टरांना दाखवा.

गाउट सापडला की चार-पाच दिवस खाद्यात मक्याचा भरडा वाढवून प्रोटीन कमी करा, पाणी भरपूर आणि थंड ठेवा, बरेच जण लिटरला ५ ग्रॅम गूळ देतात, त्याने पक्षी पाणी जास्त पितात. लघवी आंबट करणारे पदार्थ, म्हणजे अमोनियम क्लोराइड किंवा मिथिओनिनचं हायड्रॉक्सी रूप, युरेटचे खडे कमी करायला वापरतात, पण हे डॉक्टरांच्या डोसनेच आणि थोडेच दिवस, कारण रक्त आंबट झालं की कवच पातळ होतं. व्हिटॅमिन ए कमी पडलं तरी किडनीच्या नळ्या बिघडतात, तेही प्रिमिक्समध्ये बघून घ्या. आणि गाउट चालू असताना खायचा सोडा बंद.

उन्हाळ्याचं वेगळं

विदर्भात एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, तेव्हा धापा टाकून पक्ष्याच्या शरीरातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारं बायकार्बोनेट रक्तात कमी पडतं. कॅल्शियम पूर्ण असूनही कवच पातळ. इथे सोडा उपयोगी, पण तो मिठाच्या बदल्यात द्या, वरून नाही. १ किलो मीठ काढलं तर साधारण दीड किलो सोड्यातून तेवढंच सोडियम मिळतं. बोअरचं पाणी खारट असेल, अहिल्यानगर-सोलापूरच्या बऱ्याच भागात असतं, तर आधी पाणी टेस्ट करा मगच सोड्याचं ठरवा.

व्हिटॅमिन सी टनाला २०० ते २५० ग्रॅम, बीटेन टनाला १ किलोच्या आसपास, आणि व्हिटॅमिन ई उन्हाळ्यापुरतं किलोला २०० ते २५० मिलिग्रॅमपर्यंत नेता येतं. हे सगळं उन्हाळा पेटायच्या आधी आठ-दहा दिवस चालू करा. पाण्यातून सी देणार असाल तर त्या वेळेला क्लोरीन बंद ठेवा, नाहीतर सी नष्ट होतं. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी फीडर शांत राहू दे.

मिक्सिंग, इथे बरंच वाया जातं

कोलीन क्लोराइड हवेतली ओल खेचतं आणि व्हिटॅमिन खातं. म्हणून व्हिटॅमिन प्रिमिक्स, ट्रेस मिनरल आणि कोलीन कधीही एकत्र मिसळून ठेवू नका, तिन्ही वेगळ्या डब्यात, मिक्सरमध्येही वेगवेगळ्या वेळी टाका. टनाला एक-दोन किलोच्या आतल्या सगळ्या वस्तू आधी १०-१५ किलो मक्याच्या भरड्यात हाताने कालवून घ्या, मिक्सर अर्धा भरल्यावर टाका, तेल आणि ग्रिट शेवटी. आडव्या मिक्सरला चार-पाच मिनिटं, उभ्या मिक्सरला बारा-पंधरा मिनिटं द्या. तयार खाद्य आठवड्यापेक्षा जास्त ठेवू नका, पावसाळ्यात तर त्याहून कमी.

परसातल्या गिरिराज, वनराज किंवा गावठी कोंबड्यांना एवढं सगळं लागत नाही, त्या फिरतात, ऊन मिळतं, डी३ अंगातच तयार होतं. त्यांना एका भांड्यात शिंपल्याचं ग्रिट कायम उघडं ठेवा, लागेल तेवढं त्या स्वतः खातात. फक्त उरलेला भात आणि मका भरपेट देऊन त्यांना लठ्ठ करू नका, फॅटी लिव्हर त्यांनाही होतो.

फरक पडतोय की नाही कसं ओळखायचं

एका वेळी एकच मोठा बदल करा आणि तारीख लिहा. ग्रिट आणि वेळ बदलली तर कवचात फरक आठ-दहा दिवसांत दिसायला लागतो, रोजच्या क्रॅक अंड्यांचे ट्रे मोजत राहा. लिव्हरला वेळ लागतो, तीन-चार आठवडे धरा, तिथे आठवड्याची मर आणि पंधरा दिवसांचं वजन बघा. हाडांचं तर त्या बॅचमध्ये पूर्ण भरून येणं अवघड, म्हणून खरी सुधारणा पुढच्या बॅचच्या प्री-लेअर खाद्यात करायची. चार आठवड्यांत एखाद्या वस्तूने आकड्यात काहीच हललं नाही तर ती बंद करा आणि डॉक्टरांना परत एक पक्षी उघडून दाखवा, पहिल्या वेळी एकच आजार दिसला असेल पण दुसरा त्याच्या आड असू शकतो. कोलीन, मिथिओनिन, ग्रिट आणि प्रिमिक्स मात्र वर्षभर चालूच राहतात, त्यांना औषधासारखं चालू-बंद करायचं नाही.